माझं काही नाही हो

आमच्या सोसायटीचे चेअरमन कुणाच्याही विरुद्ध नव्हते. हे मी नाही म्हणत, ते स्वतःच म्हणायचे, आणि इतक्या वेळा म्हणायचे की ऐकणाऱ्याला वाटावं या माणसावर कुणी खटला भरलाय की काय. "माझं काही नाही हो," ही सुरुवात. मग थोडं थांबायचं, चष्मा कपाळावर चढवायचा, आणि "पण लोकांचं..." म्हणून हवेत हात फिरवायचा. त्या हातात सगळी इमारत यायची, सगळं पुणं यायचं, जमलं तर देशही यायचा. चेअरमन तेवढे त्यात नसायचे.

माझी बायको गेली तेव्हा तिच्या पुण्यानुमोदनासाठी मी त्यांच्याकडं सोसायटीचा हॉल मागितला. तेव्हाही तो हात असाच फिरला. ते सांगण्यासाठीच लिहायला बसलोय. पण आधी माणूस सांगायला हवा, नाहीतर तुम्ही म्हणाल म्हातारा रागानं लिहितोय. राग आहेच. पण माणूस बघण्यासारखा होता, हेही तेवढंच खरं. आता ते मुलीकडं परदेशात असतात. तिथं ते काय म्हणत असतील याची मला फार उत्सुकता आहे.

ते मूळचे शनिवार पेठेतले. जुनं घर पाडून इमारत झाली, भावाभावांत वाटण्या झाल्या आणि यांच्या वाट्याला आलं वाघोली. राहायला येऊन कितीतरी वर्षं झाली, तरी वाघोलीला ते "इकडं" म्हणायचे, बदली झालेला कारकून म्हणतो तसं. फोडणीची मोहरीसुद्धा दोन बस बदलून पेठेतून आणायचे. का, तर "इकडच्या मोहरीला तडतड नाही." लिफ्टमध्ये शिरले की आधी नजरेनं मोजदाद करायचे, आपले किती आणि त्यांच्यातले किती. दोन तेलुगू पोरं आणि एक बिहारी सुतार आत असला की बाहेर पडल्यावर मला सांगायचे, "बघितलंत? आपण उरलो का कुठं?" मी त्या 'आपण'मध्ये आहे की नाही, हे त्या दिवशीच्या लिफ्टवर अवलंबून असायचं. लिफ्टमध्ये परप्रांतीय जास्त असले की मी आपला. सगळे मराठी असले की मी परत माझ्या जागी.

मी खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेला कामगार. चौथीनंतर शाळेचं तोंड बघितलं नाही आणि त्यावाचून माझं काही अडलंही नाही. क्वार्टर सोडल्यावर मुलाकडं वाघोलीला आलो. मुलानं दारावर नवरा-बायकोची नुसती पहिली नावं लावलेली, आडनाव नाही. चेअरमनांची त्या पाटीनं झोप उडवली होती. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला जिन्यात धरलं.

"आपलं पूर्ण नाव?"

मी माझं सांगितलं, वडलांचं सांगितलं.

"आणि पुढं?"

"पुढं काही नाही. वडलांवरच थांबलं."

"बरं, मूळ गाव?"

"खडकी."

"खडकी हे कुणाचं मूळ गाव नसतं हो!"

"माझं आहे. कारखान्याच्या दवाखान्यात जन्मलो मी."

"कुलदैवत?"

"पेन्शन."

ते हसले, पण हाती काही लागलं नाही. तेव्हापासून ते मला "कारखानेवाले" म्हणू लागले. आडनाव मिळेपर्यंतची ती तात्पुरती सोय होती. मग एके दिवशी भिंतीला ओल आलीय का बघतो म्हणून घरात आले. ओल संडासात होती, पण ते बघत होते दिवाणखाना. समोर बुद्धाची मूर्ती. आधी त्यांचा चेहरा उजळला आणि लगेच विझला. कारण पंचाईत अशी, की आमच्या इमारतीत घरोघरी बुद्ध आहे. नवरा-बायको दोघंही कंपनीत कामाला असले की घरात एक बुद्ध येतोच. कुणाकडं कारंज्यात बसलाय, कुणाकडं नुसतं डोकंच आहे, आणि खुद्द चेअरमनांकडं तो चपलांच्या कपाटावर बसून लोकांचे मोजे बघतो. म्हणजे बुद्धावरून काही कळायची सोय राहिली नव्हती.

"सुंदर आहे," ते म्हणाले. "कुठून मागवलात?"

"वडलांनी आणलाय."

"अच्छा, म्हणजे हौस वडलांची."

"हौस नव्हे. छप्पन्न साली आणला."

साल ऐकलं आणि माणसाचं कोडं सुटलं. काय आनंद तो! आनंद ओसरल्यावर त्यांनी माझा हात हातात घेतला. "माझं काही नाही हो. उलट मला तुमच्याबद्दल फार आदर आहे."

मी काही विचारलंच नव्हतं.

त्यानंतर ते माझी ओळख करून द्यायचे, "हे आमचे कारखानेवाले. त्यांच्यातले आहेत, पण अजिबात कळत नाही." हे कौतुक होतं. समोरचाही ते कौतुकच समजून माझ्याकडं बघून मान डोलवायचा, घरच्या मांजरानं दूध न सांडता पिलं तर डोलवतात तशी.

चेअरमनांचं स्वतःचं दुःख मात्र वेगळं होतं. त्यांच्या मते या देशात खरे अल्पसंख्य तेच. आमच्या इमारतीत नागपूर-अमरावतीकडची माणसं बरीच, उत्तरेकडची पोरं, दक्षिणेकडची जोडपी. पेठेतलं घर यांचं एकट्याचं. "आम्हाला कोण विचारतो?" असं ते प्रत्येक सभेत म्हणायचे. म्हणायचे अध्यक्षांच्या खुर्चीत बसून. अल्पसंख्य असण्याचं दुःख त्यांना हवं होतं, फक्त चेअरमनपद न सोडता. ठरावाला हात जास्त वर झाले की म्हणायचे, "लोकशाही आहे." हात कमी पडले की म्हणायचे, "संख्या म्हणजे सत्य नव्हे." दोन्ही वाक्यं तयार असायची, एक या खिशात, एक त्या.

एकदा गणपतीच्या गाण्यांवरून सभेत त्यांचं कुणी ऐकलं नाही. नाट्यगीतं पडली, डीजे आला. त्या संध्याकाळी माझ्याकडं आले, सुतकी चेहरा करून बसले आणि म्हणाले, "कारखानेवाले, तुम्हाला अनुभव आहे. थोडे असताना राहायचं कसं?"

मी म्हटलं, "सोपं आहे. आपल्यावर कुणी विनोद केला की सगळ्यांच्या आधी आपण हसायचं. डबा उघडायच्या आधी खिडकी उघडायची. एकाने चोरी केली की सगळ्यांनी मान खाली घालायची. आणि कुणी मान दिलाच तर फोटोत नीट उभं राहायचं."

"छे छे! हे आम्हाला नाही जमायचं."

"मग तुम्ही अल्पसंख्य नाही, साहेब. तुम्ही नुसते थोडे आहात."

ते रुसून गेले. दुसऱ्या दिवशी मात्र मोहरीची पुडी आणून दिली. माणूस असा होता. आकस धरायची ताकदच नव्हती त्याच्यात.

आणि मान द्यायची भारी हौस. गणपतीत एका आरतीचा मान ते "बाकीच्यांसाठी" राखून ठेवायचे. दरवर्षी मला विचारायचे. मी दरवर्षी सांगायचो, "साहेब, आम्ही आरती करत नाही. तुम्ही करा, मी खाली खुर्च्या मांडतो." मग ते माइकवर सांगायचे, "आम्ही मान दिला होता, त्यांनी नम्रपणे नाकारला." नम्रपणे हा शब्द त्यांच्या पदरचा. एका वर्षी तो मान तिसऱ्या मजल्यावरच्या मुसलमान भाडेकरू जोडप्याला गेला. नवरा बिचारा तबक फिरवता फिरवता घामानं भिजला, कापूर विझला तर काय होईल या धास्तीनं. तो फोटो अजून सोसायटीच्या ग्रुपवर फिरतो, एकतेचा म्हणून. पुढं त्यांचा भाडेकरार संपला तेव्हा तो वाढवून मिळाला नाही. "माझं काही नाही हो," चेअरमन हळहळून म्हणाले, "पण मालकाला लोकांनी काही सांगितलं असणार." सामान उतरवायला स्वतः उभे राहिले. कपाटाला ओरखडा येऊ दिला नाही.

मी आरतीला जात नसे, पण माझी बायको गणपतीच्या जेवणाच्या दिवशी हॉलमध्ये जायची. सकाळपासून फरशीवर बसून बायकांबरोबर भाजी चिरायची. मी म्हणायचो, कशाला जातेस? ती म्हणायची, "देव त्यांचा असंल, भूक सगळ्यांची हाय." कोबी तिच्यासारखा बारीक कुणाला चिरता यायचा नाही. चेअरमन पाहुण्यांना हॉलच्या दारातून दाखवायचे, "आमच्याकडं तसलं काही नाही बरं का. वहिनी महाप्रसादाची भाजी चिरतात." आम्ही कोबी चिरायचा आणि उदारपणा त्यांच्या नावावर जमा.

ती गेली, जेमतेम चार दिवसांच्या तापात. चेअरमन भेटायला आले आणि खरंच रडले. धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत म्हणाले, "वहिनींसारखी बाई या इमारतीत नाही."

आमच्यात माणूस गेल्यावर पुण्यानुमोदन असतं. आमचे बौद्धाचार्य येतात, वंदना होते, गेलेल्या माणसाबद्दल चारजण बोलतात, मग जेवण. मला ते त्या हॉलमध्ये हवं होतं. ज्या फरशीवर बसून तिनं इतकी वर्षं लोकांच्या देवासाठी भाजी चिरली, त्या फरशीवर एक सकाळ तिच्यासाठी वंदना व्हावी. एवढंच.

हॉलच्या दाराला चेअरमनांच्या हातची पाटी आहे: 'येथे धार्मिक कार्यक्रम करता येणार नाहीत. सांस्कृतिक कार्यक्रमांसाठी चेअरमन यांस भेटावे. दुपारी भेटू नये.' या पाटीखाली गणपती बसतो. सत्यनारायण होतो. नवरात्रात घट असतात. स्तोत्रपठणाचा वर्ग भरतो, तो आरोग्यासाठी. हे सगळं सांस्कृतिक. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या भाडेकरू पोरानं रोजा सोडायला एक संध्याकाळ हॉल मागितला होता, ते धार्मिक.

मी हॉल मागितला आणि हात फिरला.

"माझं काही नाही हो. पण ते धार्मिक होतं. लोकांचं..."

"सत्यनारायण कसा चालतो?"

"तो सांस्कृतिक आहे."

"त्यात देव असतो."

"अहो, पण तो आपलाच असतो ना! आपल्याकडं देव म्हणजे संस्कृतीच." मग त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि आवाज खाली आणला. "मार्ग आहे. खालच्या फळ्यावर मी लिहितो, रविवारी सांस्कृतिक कार्यक्रम. आत तुम्ही तुमचं काय ते करा. कोण बघतंय?"

मी म्हटलं, "साहेब, माझी बायको मेलीय. हा सांस्कृतिक कार्यक्रम नाही."

त्यांनी खुर्ची परत मागं सरकवली. म्हणाले, "मग लोकांचं मत बघावं लागेल."

"विचारतो मी."

"तुम्ही नाही हो! लोकांना असं थेट विचारायचं नसतं!"

मी विचारलं. खालून सुरुवात केली. पहिल्या मजल्यावर नागपूरच्या बाई राहतात. दार उघडलं आणि डोळ्याला पदर लावला. "माझं कायले काही राहीन, काकाजी? काकू तं मले आईसारख्या होत्या. वरच्यांचं असन काही, तं त्यांले विचारून पाहा." वर गेलो. कंपनीतला पोरगा कानातली बोंडं काढत म्हणाला, "अंकल, मला काहीच इश्यू नाही. पण सीनियर लोक जरा सेन्सिटिव्ह असतात ना." मी म्हटलं, सीनियर मीच आहे. तो म्हणाला, "नाही, म्हणजे दुसरे." त्याच्या वर लखनौकडचं कुटुंब. "अरे चाचाजी, हम तो बाहर के हैं, हमें क्या? ये तो आप मराठी लोगों का मामला है." त्याच्या वरच्या मजल्यावर कोल्हापूरचे गुरुजी. ते म्हणाले, "आमचं काही न्हाई. पण पहिल्या मजल्यावरच्या नागपूरच्या बाई लई देवाचं करत्यात बघा. त्यांचं असंल." म्हणजे मी जिथून निघालो तिथंच परत.

शेवटी सरकारी खात्यातले अधिकारी. दारावर नुसती आद्याक्षरं. हा माणूस आमच्यातलाच, विदर्भातला. बुद्धपौर्णिमेला त्यांच्या खिडकीतून खिरीचा वास येतो आणि दार बंद असतं. मी आत गेल्यावर त्यांनी आधी ते दार लावलं.

"काका, हळू बोला. माझं काही नाही. पण मुलीचं बघतोय सध्या. कशाला उगाच आपण होऊन डोळ्यांवर यायचं? इथं कुणाला माहीत नाही."

"सगळ्यांना माहीत आहे. तुमचं सामान ट्रकमधून उतरायच्या आत चेअरमनांना कळलं होतं."

ते खुर्चीत बसले. "मग कुणी बोललं कसं नाही?"

"त्यांचं काही नाही म्हणून."

संध्याकाळी मी चेअरमनांकडं गेलो. "साहेब, सगळी इमारत पालथी घातली. लोक सापडले नाहीत."

"म्हणजे?"

"ज्यांचं काहीतरी आहे, ते लोक. एकाही दारामागं नाहीत. गच्चीवरही बघून आलो. तिथं नुसती टाकी आहे."

"तोंडावर कोण बोलेल, कारखानेवाले!"

"बरं. मग उरलात तुम्ही."

"माझं काही नाही हो!"

"मग किल्ली द्या."

किल्ली त्यांच्या पाठीमागं खिळ्याला लटकत होती. त्यांच्या मंडळी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "अहो, द्या की. काय मेलं लावलंय!" ते उठले, खिळ्यापर्यंत गेले आणि तिथं थांबले. कपाळावर घाम होता. "उद्या लोक म्हणतील, चेअरमननं एकट्यानं ठरवलं," ते म्हणाले. मी बघत राहिलो. सोंग नव्हतं ते. इमारतीत एक माणूस विरुद्ध नव्हता आणि हा गृहस्थ सगळ्या इमारतीला घाबरत होता. मी दारूगोळ्यात जन्म काढला, पण इतकं घाबरलेलं माणूस तिथंही पाहिलं नाही.

"एक शब्द तर आहे," ते अगदी विनवून म्हणाले. "सांस्कृतिक म्हणा ना."

"नाही."

मग मी हॉलखालचं पार्किंग ठरवलं. घरी मुलगाही तेच म्हणाला, "बाबा, एका शब्दासाठी आईचा कार्यक्रम पार्किंगमध्ये करायचा?" मी म्हटलं, तुझ्या आजोबांनी धर्म बदलला तेव्हाही लोक म्हणत होते, एका शब्दानं काय होणार आहे. कार्यक्रम पार्किंगमध्ये होईल आणि ज्याचं जे नाव आहे त्या नावानं होईल. मी स्वतः खडू घेतला आणि फळ्यावर पुण्यानुमोदन असं लिहिलं. अक्षर वेडंवाकडं आलं. पुसलं नाही.

रविवारी सकाळी लोकांनी न सांगता गाड्या बाहेर काढल्या. आणि सगळी इमारत खाली आली. ज्यांचं ज्यांचं काही नव्हतं ते सगळे. नागपूरच्या बाई तर भाताचं पातेलं घेऊनच उतरल्या. चेअरमन इस्त्रीचा झब्बा घालून पहिल्या रांगेत. डोक्यावर स्लॅब, तिच्या वर कुलूपबंद हॉल.

बौद्धाचार्यांनी उभं राहायला सांगितलं. वंदना सुरू झाली आणि इमारतीतल्या लोकांचं झालं अवघड. हात किती जोडायचे, डोळे मिटायचे का, तोंड हलवायचं का, कुणालाच ठाऊक नाही. प्रत्येकजण शेजारच्याकडं चोरून बघतोय, आणि शेजारचा त्याच्याकडं. चेअरमन तर पाळीपाळीनं दोन्हीकडं. तेवढ्यात सगळ्यात मागून एक आवाज लागला. स्वच्छ, चढा, एकही शब्द न अडखळता. लोक वळले. खांबाला टेकून ते सरकारी अधिकारी म्हणत होते, डोळे मिटून. शेवटपर्यंत म्हणाले. मुलगी शेजारी उभी होती, तीही म्हणत होती.

मग चारजण बोलले. चेअरमनही उठले. गहिवरून म्हणाले, "वहिनी आपल्यातल्याच होत्या." मेल्यावर का होईना, तिची बढती झाली. त्यांच्या डोळ्यांत मात्र खरं पाणी होतं.

जेवणं झाली आणि अडचण आली हात धुवायची. खाली एकच नळ, गाड्या धुवायचा. रांग लागली. बेसिनं सगळी वरच्या हॉलमध्ये. कुणी मागितलं नाही, कुणी ठरवलं नाही. खरकट्या हातांची माणसं जिन्याकडं बघू लागली, एवढंच. चेअरमनांनी झब्ब्याच्या खिशातून किल्ली काढली. म्हणजे सकाळपासून ती त्यांच्याजवळच होती. "या, या, वर या सगळे," असं म्हणत त्यांनी हॉल उघडला. दिवे लागले, पंखे लागले. लोक हात धुऊन तिथंच टेकले. पोरं फरशीवरून घसरगुंडी खेळायला लागली. थोड्या वेळानं वर गर्दी झाली आणि खाली मी आणि रिकाम्या खुर्च्या.

चेअरमन हॉलचं दार हातानं धरून जिन्यात वाकले. चेहरा असा फुललेला, की लग्न त्यांच्याच घरचं. "कारखानेवाले, अहो या ना वर! बघा, कुणी काही म्हणालं का? उगाच तुम्ही मनाला लावून घेतलंत. कुणाचं काही नाही!"

"माझं आहे," मी म्हटलं.

आणि गाड्यांच्या नळाखाली हात धरले. धार बारीक होती, तूप लवकर निघेना. तेवढा वेळ ते तसेच दार धरून उभे होते.